हेडबोर्ड तीन, भिंतीवरचा आधार एकच

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातला स्वतःचा फ्लॅट, सहा फुटी हायड्रॉलिक बॉक्स-बेड, त्याला डोक्याकडे पाठ नाही. हेडबोर्ड तीन लावायचे आहेत, आलटूनपालटून: एक फोम आणि कापडाचा, एक वेताच्या जाळीचा, आणि तिसरी आजीच्या पलंगाची सागवानी बॅक. भिंतीला भोकं एकदाच पाडायची. विचारलंय असं, की किती स्क्रू मारले म्हणजे वजन पेलेल?

वजनाची काळजी सगळ्यांनाच असते, म्हणून आधी तिचाच हिशोब करू. १८ मिमी प्लायचा आठ बाय चारचा अख्खा तक्ता साधारण ३२ ते ३७ किलो भरतो. त्यातून सहा बाय दोन फुटांचा हेडबोर्ड काढला तर तो १२ ते १४ किलोचा. फोमचा त्याच्याच आसपास, वेताचा बराच हलका, सागवानी बॅक भरीव असेल तर ३० किलोच्या पुढे जाऊ शकते. चांगल्या विटेच्या भिंतीत नीट बसलेले पाच-सहा स्क्रू हे वजन सहज धरतात. नुसतं टांगायचं असतं तर प्रश्न इथेच संपला असता.

पण हेडबोर्डला कुणी टेकतं, कुणी त्याचा वरचा काठ धरून उठतं, मुलं गादीवर उड्या मारताना त्यालाच लोंबकळतात. आधार सैल होतो तो या हेलकाव्यांनी. शिवाय तुम्हाला तीन वेगवेगळ्या घडणीच्या वस्तू एकाच जागी बसवायच्या आहेत. म्हणजे खरं काम दोन आहेत: ढकलणं आणि ओढणं दोन्ही सोसेल असा आधार, आणि तिन्ही हेडबोर्डना मागून एकसारखं करणारं एक ठरलेलं माप. दुसरं काम जास्त महत्त्वाचं आहे, आणि त्याचा विचार भिंतीला ड्रिल लावण्याआधी व्हायला हवा.

आधाराचा प्रकार मी एकच सुचवेन: तिरक्या काठाच्या दोन पट्ट्या, ज्याला फ्रेंच क्लीट म्हणतात. १८ मिमी प्लायची साडेसात इंच रुंद पट्टी घ्यायची आणि कटर मशीनचं पातं ४५ अंशांवर वाकवून ती लांबीत मधोमध चिरायची. दोन सारख्या पट्ट्या मिळतात. एक भिंतीला, तिरका काठ वर करून आणि धारेचं टोक खोलीकडे ठेवून. त्यामुळे पट्टी आणि भिंत यांच्यामध्ये वर उघडी अशी खोबण तयार होते. दुसरी हेडबोर्डच्या मागे, तिरका काठ खाली, धारेचं टोक भिंतीकडे. हेडबोर्ड उचलून वरून सोडला की त्याची धार खोबणीत उतरते, आणि स्वतःच्या वजनाने तो भिंतीकडे ओढला जातो. काढताना सरळ वर इंचभर उचलला की सुटतो. बेड पुढे ओढावा लागत नाही, आणि सामानाने भरलेल्या बॉक्स-बेडच्या बाबतीत ही फार मोठी सोय आहे.

कापताना सगळ्या पट्ट्या एकाच बैठकीत, मशीनची मांडणी न हलवता कापून घ्या. कोन ४५ ऐवजी ४४ भरला तरी बिघडत नाही, पण सगळ्यांचा तोच हवा. तुम्हाला भिंतीची एक आणि हेडबोर्डच्या तीन अशा चार लागतील. मी सहा कापायला सांगेन. दोन वर्षांनी चौथा हेडबोर्ड करावासा वाटला तर त्याच कोनाची पट्टी हाताशी असेल. धारेचं टोक दोन-तीन मिमी रंध्याने मोडून टाका. अगदी टोकदार धार खोबणीच्या तळाला आधी टेकते आणि मग तिरके काठ एकमेकांवर पूर्ण बसत नाहीत. शिवाय ती हाताला लागते. घरी मशीन नसेल तर वखारीत किंवा प्लायच्या दुकानाशेजारच्या कटिंगवाल्याकडे पट्ट्या चिरून मिळतात. ॲल्युमिनियमच्या तयार पट्ट्याही मिळतात आणि फोमच्या हेडबोर्डला त्या चालतील, पण त्यांची खोबण उथळ असते. सागवानी बॅक डोळ्यांसमोर ठेवून मी प्लायचीच पट्टी घेईन, तीही आयएस ७१० शिक्क्याची, म्हणजे पाण्याला टिकणारी मरीन प्लाय. पावसाळ्यात भिंतीलगतची हवा दमट राहते आणि या पट्टीची मागची बाजू पुन्हा कुणाच्या नजरेस पडणार नाही. लावण्याआधी तिला चारही बाजूंनी सीलर किंवा प्रायमर मारून घ्या, कापलेल्या काठांना दोनदा.

आता भिंत. इथे मात्र परिस्थितीप्रमाणे उत्तर बदलतं. तुमची भिंत कशाची आहे हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि ते कळल्याशिवाय कुठला स्क्रू हे सांगणं म्हणजे अंदाजपंचे ठरेल. शोधायची सोपी रीत अशी: पट्टीने झाकली जाणार आहे अशा जागी ६ मिमीचं एक भोक पाडा आणि खाली कागद धरा. आधी प्लास्टरची भुकटी येते. तिच्यानंतर लाल भुकटी आली तर वीट. पांढुरकी-करडी, मऊ, आणि ड्रिल लोण्यासारखं आत गेलं तर एएसी ब्लॉक, ज्याला बरेच लोक सिपोरेक्स म्हणतात. करडी, बारीक भुकटी आणि ड्रिल नेटाने दाबूनही हळूहळू सरकत असेल तर काँक्रीट.

विटेच्या भिंतीत काम सरळ आहे. ८ मिमीचं भोक, ८ मिमीची नायलॉनची गिट्टी, आणि ५ मिमी जाडीचा ७५ मिमी लांब स्क्रू. ही लांबी अशी येते: पट्टीचे १८ मिमी, प्लास्टरचे १५ ते २०, आणि उरलेले ३५-४० विटेच्या पोटात. गिट्टी प्लास्टरमध्ये अडकून राहू देऊ नका. तिला वीट मिळालीच पाहिजे, म्हणून ती भोकाच्या तोंडाशी न ठेवता स्क्रूने किंवा खिळ्याने ठोकत आत सरकवा. आतून जिप्समचं प्लास्टर असेल तर हे दुप्पट महत्त्वाचं, कारण जिप्सम मऊ असतं आणि हेलकाव्यांनी भोक मोठं होत जातं. घरातल्या आडभिंती बऱ्याचदा चार-साडेचार इंचीच असतात, तेव्हा ड्रिलच्या बिटला खोलीची खूण म्हणून टेप गुंडाळा. पलीकडे न्हाणीघर असेल तर आधी नळांचे पाइप कुठून गेलेत ते विचारा, आणि भिंतीला ओल येत असेल तर ओल थांबेपर्यंत हे काम करू नका.

एएसी ब्लॉकची घनता घनमीटरला साधारण ५५० ते ६५० किलो, म्हणजे विटेच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याइतकी. त्यात नेहमीची गिट्टी पहिल्या दिवशी घट्ट वाटते, पण टेकून बसणं सुरू झालं की सैल होते. इथे ड्रिलचा हॅमर बंद ठेवून नुसतं फिरवून भोक पाडायचं, एएसीसाठी बनवलेली लांब गिट्टी वापरायची, आणि पाचाऐवजी सात-आठ स्क्रू मारायचे. सागवानी बॅक टांगायचीच असेल तर दोन टोकांना केमिकल अँकर, म्हणजे भोकात रेझिन भरून पक्का केलेला बोल्ट, करून घ्या; खर्च थोडा वाढतो, काळजी मिटते. मायवान पद्धतीच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतून केलेल्या इमारतीत सगळ्याच भिंती काँक्रीटच्या असतात. तिथे चांगलं हॅमर ड्रिल लागतं, आणि मध्येच बिट एकदम अडलं तर सळई लागली आहे असं समजून जोर न करता इंचभर बाजूला सरका. काँक्रीटमध्ये गिट्टीला ४० मिमी खोली पुरते.

कोकणातून किंवा गोव्यातून हे वाचणाऱ्यांसाठी एवढंच, की जांभ्याच्या चिऱ्यात पोकळ्या आणि माती असते, बिट भरकटतं आणि भोक ठरल्यापेक्षा मोठं पडतं. अशा भोकात गिट्टी न ठोकता रेझिनचा अँकर भरणं बरं. समुद्राजवळ स्क्रू स्टेनलेसचेच घ्या. आणि अमेरिकेत लाकडी सांगाड्याच्या, पातळ बोर्डाच्या भिंती असलेल्यांनी पट्टी स्टडमध्येच, म्हणजे सांगाड्याच्या उभ्या दांड्यांतच धरायची. ते सहसा १६ इंचांवर असतात.

पट्टी किती उंचीवर लावायची, यावर बाकीचं सगळं बसतं. फरशीपासून गादीच्या माथ्यापर्यंतचं माप घ्या, पण गादी घातलेली असताना. तुमच्या बेडची उंची १४ इंच आणि गादी ७ इंच धरली तर ते २१ येतं. हेडबोर्डचा खालचा काठ गादीच्या माथ्यापेक्षा दोन-तीन इंच खाली असावा, नाहीतर उशी फटीत जाते. म्हणजे खालचा काठ १८ इंचांवर. बॉक्सच्या माथ्याच्या तो वर आहे, त्यामुळे उचलताना काही अडणार नाही. बसल्यावर पाठीचा वरचा भाग आणि खांदे जिथे टेकतात ती उंची फरशीपासून साधारण ३६ ते ४२ इंच. भिंतीवरच्या पट्टीचा माथा मी ३८ इंचांवर ठेवेन.

असं का, ते नीट समजून घ्या. पट्टीच्या वर टेकलं की हेडबोर्डचा माथा भिंतीकडे जातो आणि खालचा काठ भिंतीपासून सुटायला बघतो. पट्टी जितकी खाली लावाल तितकं हे जास्त. पट्टीच्या खाली टेकलं तर उलट, खालचा भाग भिंतीवर आपटतो, कारण त्याच्यामागे १८ मिमीची पोकळी आहे. रात्री कूस बदलताना जो टकटक आवाज येतो तो इथूनच. म्हणून प्रत्येक हेडबोर्डच्या मागे, खालच्या काठाजवळ, त्याच १८ मिमी प्लायचे दोन-तीन ठोकळे लावायचे आणि त्यांच्या भिंतीकडच्या बाजूला नमद्याचे पातळ तुकडे चिकटवायचे. वर पट्टी, खाली ठोकळे, मध्ये तुमची पाठ: मग तुम्ही जितकं टेकाल तितका हेडबोर्ड घट्ट बसतो.

ओढण्याचं मात्र वेगळं आहे, आणि इथे बहुतेकांचा अंदाज उलटा असतो. वाटतं की जड बॅक धोक्याची आणि हलकी निर्धास्त. प्रत्यक्षात ओढल्यावर सुटते ती हलकी. तिरक्या काठावर हेडबोर्ड धरून राहतो तो स्वतःच्या वजनाने. वरचा काठ धरून कुणी पुढे खेचलं तर तो उतारावरून वर चढत बाहेर येऊ पाहतो. तीस किलोची सागवानी बॅक सहजी चढत नाही, पाच-सहा किलोचा वेताचा हेडबोर्ड लहान मूलही वर काढू शकतं. तेव्हा वेताच्या आणि फोमच्या हेडबोर्डला खालच्या काठाजवळ, दोन्ही कडांना, एकेक फिरती खिट्टी लावा. भिंतीवर छोटा ठोकळा बसवायचा, आणि खिट्टी फिरवली की ती त्या ठोकळ्याखाली येईल अशी रचना करायची. उशीमागे असल्याने दिसत नाही, बदलताना अर्ध्या मिनिटात उघडते. घरात लहान मुलं किंवा काठ धरून उठणारं वडीलधारं माणूस असेल तर हे टाळू नकाच.

आता ते एक माप. नियम एवढाच: पट्टीच्या तिरक्या काठापासून हेडबोर्डच्या खालच्या काठापर्यंतचं अंतर तिन्ही हेडबोर्डना तेच, आणि मागची जाडी, म्हणजे पट्टी व ठोकळे, तिन्हींना १८ मिमीच. वरची उंची हवी तेवढी बदला, आकार गोल करा, कमानीचा करा, रुंदी वाढवा. हे माप मात्र हलवायचं नाही. त्यासाठी टेपवर भरवसा न ठेवता फर्मा करा: प्लायचा एक इंग्रजी ‘L’सारखा काटकोनी तुकडा, ज्याचं एक टोक हेडबोर्डच्या खालच्या काठाला टेकेल आणि दुसरं टोक पट्टीची जागा दाखवेल. त्यावर पेनाने ‘वर’ आणि ‘खाली’ लिहा आणि बेडच्या बॉक्समध्येच ठेवून द्या. पुढे कुठलाही सुतार हेडबोर्ड करायला आला तरी त्याला फर्मा दिला की बोलणं संपलं.

भिंतीची पट्टी पाच फूट, हेडबोर्डच्या साडेचार फूट अशा ठेवल्या तर लावल्यावर डावी-उजवीकडे तीन-तीन इंच सरकवून मध्य जुळवता येतो. भिंतीला पट्टी लावताना आधी मधला स्क्रू मारा, लेव्हल लावून पट्टी आडवी करा, मग दोन टोकं, मग मधले. प्लास्टरला पोट असतं, हे गृहीतच धरा. पाच फुटांत तीन-चार मिमीचा फरक नवीन इमारतीतही निघतो, आणि स्क्रू आवळला की पट्टी त्या पोटाप्रमाणे वाकते. जिथे फट दिसेल तिथे स्क्रूच्या जागी सनमायकाचे तुकडे घालून पट्टी सरळ ठेवा. सरळ आहे की नाही ते दोन टोकांना दोरा ताणून बघा.

विजेच्या वायरींबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगतो. बोर्डातून वायरीचा पाइप सरळ वर किंवा सरळ खाली जातो असं आपण धरून चालतो. पण बेडच्या दोन्ही बाजूंना दिव्याची दुहेरी बटणं असतील, तर एका बोर्डातून दुसऱ्या बोर्डाकडे पाइप आडवा गेलेला असू शकतो, नेमका बेडच्या मागून. दोन्ही बोर्डांच्या दरम्यानची ती आडवी रेषा वर-खाली सहा-सहा इंच सोडून द्या. पट्टी त्या पट्ट्यात येत असेल तर तिची उंची बदला, पण तिथे ड्रिल लावू नका. इमारतीच्या वायरमनला एकदा दाखवून घेतलं तर उत्तमच. ड्रिल करताना त्या खोलीचा एमसीबी बंद, आणि मशीनला वीज दुसऱ्या खोलीतून.

फोमच्या हेडबोर्डमध्ये बघायची जागा एक. कापड मागे वळवून स्टेपल केलेलं असतं. पट्टी त्या कापडाच्या घडीवर न येता उघड्या प्लायवर यायला हवी, नाहीतर दोन-तीन मिमीचा फरक पडतो आणि ती दबत राहते. मागची प्लाय १८ मिमी असेल तर ३० मिमीचे स्क्रू आणि फेविकॉल. ३८ चे घेतले तर टोक फोमात निघेल आणि कधीतरी पाठीला टोचेल. प्लाय १२ मिमीच असेल तर स्क्रूला पकडायला पुरेसं लाकूड नाही. तिथे मागून आधी आडवी लाकडी चौकट चिकटवावी लागेल. चौकटीची जेवढी जाडी वाढेल तेवढीच ठोकळ्यांनाही खाली भर द्या, म्हणजे हेडबोर्ड ओळंब्यात राहील.

वेताच्या जाळीतून पट्टी दिसते. ती चौकटीच्या वरच्या आडव्या दांड्यामागे लपवायचा मोह होतो, पण मग ती ३८ इंचांवर राहत नाही आणि फर्म्याचा नियम मोडतो. मी ती जागेवरच ठेवून, भिंतीच्या रंगाने रंगवून, दोन्ही टोकं उभ्या दांड्यांमध्ये धरेन. नव्यानेच करून घेत असाल तर सुताराला त्या उंचीवर चौकटीत एक आडवा दांडाच द्यायला सांगा. मग पट्टी पूर्ण झाकली जाते आणि टेकताना वेतावर ताण कमी येतो, तो लवकर सैल पडत नाही.

आजीच्या बॅकबद्दल माझं मत ठाम आहे: तिला पाय असतील तर ती टांगू नका, उभी करा. जुन्या पलंगाच्या बॅकचे खांब फरशीपर्यंत येतात आणि तीस किलो वजन पेलण्यासाठीच ते घडवलेले असतात. वजन त्यांच्यावर राहू द्या. भिंतीच्या पट्टीचं काम तिला फक्त पुढे कलू न देणं. त्यासाठी हिच्या मागची पट्टी नेहमीच्या मापापेक्षा दोन मिमी वर बसवा, म्हणजे धार खोबणीत उतरेल पण भार घेणार नाही. फर्म्याला हा एकच अपवाद, आणि इथे माप फरशीपासून घ्यायचं. खांब फळीपेक्षा मागे आलेले असतात, तेवढी भर पट्टीखाली लागते. फरशीच्या स्कर्टिंगमुळे खांब भिंतीपासून सेंटीमीटरभर पुढे राहतील. त्यांना खाच मारू नका, त्याऐवजी मागची भर तेवढी वाढवा. आणि बेड खांबांच्या जाडीएवढा, अडीच-तीन इंच, पुढे घ्यावा लागेल. ती जागा तुम्ही कायमचीच सोडलीत तर बाकीचे दोन हेडबोर्ड गादीपासून दूर राहतील, म्हणून सागवानी बॅक वर्षातून एखाद्या वेळीच लागणार असेल तर बेडखाली फेल्टचे पाय लावून तो सरकता ठेवा.

जुन्या सागवानात स्क्रू मारताना आधी ३ मिमीचं भोक, मग ४ मिमीचा स्क्रू, त्याला साबण लावून. कोरीवकामाच्या मागची फळी बऱ्याचदा पातळ असते. पट्टी तिथे न धरता फक्त खांब आणि आडव्या दांड्यांत धरा. खांबांवर पूर्वीच्या लोखंडी आकड्यांच्या खोबणी असतील, तर त्या बुजवू नका. कधी ती बॅक पुन्हा पलंगाला जोडायची वेळ आली तर त्या लागतील.

दोन गोष्टी कळवा, म्हणजे स्क्रूची लांबी आणि भरीची जाडी नेमकी सांगता येईल: भोकातून आलेल्या भुकटीचा रंग, आणि सागवानी बॅकचे खांब फळीपेक्षा मागे किती मिमी आलेत ते. खांबांवर सरळ पट्टी आडवी ठेवून फळीपर्यंत मोजलं की दुसरं माप मिळेल; तीन ठिकाणी मोजा, जुनी फळी वाकलेली असते.